सुट्टे आहेत का?

खिशात पैसे असणं आणि पैसे देता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे हॉस्टेलवर राहायला आल्याशिवाय नीट कळत नाही. घरी पैसे बाबा देतात, आपण फक्त मागतो. इथे आल्यावर मात्र खात्यात चार हजार, मोबाइलमध्ये तीन ॲप, पाकिटात एक कार्ड, आणि तरीही मेसच्या खिडकीसमोर ताट धरून उभं राहायची पाळी येते. कारण काय, तर "सर्व्हर डाउन". मागे पंधरा जणांची रांग, आणि पोळ्या गार होत चाललेल्या!

हा विषय आत्ता निघायचं कारण म्हणजे येत्या सत्रापासून मेसची रोखीची खिडकी बंद करावी, फक्त कार्ड आणि क्यूआर ठेवावं, असा प्रस्ताव मेस कमिटीपुढे आला आहे. मी कमिटीवर इलेक्ट्रॉनिक्सचा प्रतिनिधी. रेक्टर सर म्हणाले, "तुम्हाला रिलायबिलिटी अभ्यासाला आहे ना? मग पानभर तांत्रिक मत लिहून द्या." पानभर मत देऊन झालं. पण त्यासाठी जे वाचलं ते काही पानात मावेना, म्हणून हा लेख.

आमच्या मजल्यावर या प्रश्नावर तीन पक्ष आहेत. बहुसंख्य जनता कार्ड-मोबाइलवाली. माझा रूम पार्टनर कॉम्प्युटरचा, त्याचा पक्ष बिटकॉइन. (सभासद संख्या एक, पण आवाज सगळ्यांत मोठा.) आणि तिसरा पक्ष म्हणजे मेसच्या खिडकीतले काका, ज्यांचा गल्ल्याच्या पत्र्याच्या पेटीखेरीज जगात कशावर विश्वास नाही. प्रत्येकाचं म्हणणं एकच: माझं साधन भरवशाचं, बाकी सगळं रामभरोसे. गंमत म्हणजे तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण "भरवशाचं" या शब्दाचा अर्थ प्रत्येकजण वेगळा धरतो.

आधी कार्ड. आपण कार्ड मशीनला लावतो तेव्हा निरोप मशीनमधल्या सिमवरून दुकानदाराच्या बँकेकडे जातो, तिथून व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांपैकी ज्याचं कार्ड असेल त्याच्या स्विचकडे, तिथून आपल्या बँकेकडे. आपली बँक शिल्लक बघून हो किंवा नाही म्हणते आणि उत्तर त्याच वाटेने उलट येतं. सगळं दोन-चार सेकंदांत. आता हे आपल्या भाषेत मांडा: मशीन, मोबाइल नेटवर्क, दुकानदाराची बँक, स्विच, आपली बँक, अशा पाच कड्या सिरीजमध्ये. प्रत्येक कडी ९९.९ टक्के वेळ चालते असं गणितापुरतं धरू. पाचांचा गुणाकार होतो ९९.५ टक्के. ऐकायला झकास. परीक्षेत एवढे मिळाले तर घरी पेढे वाटतील! पण वर्षाचे तास ८७६०, आणि त्यांतला अर्धा टक्का म्हणजे जवळजवळ ४४ तास. हे ४४ तास नेमके जेवणाच्या वेळी येणार नाहीत, अशी हमी कोणी देत नाही.

पण खरी शिकवण या गुणाकारात नाही. ती १ जून २०१८ ला युरोपात जे झालं त्यात आहे. त्या शुक्रवारी दुपारी, ब्रिटनच्या वेळेप्रमाणे २.३५ ला, व्हिसाच्या युरोपातल्या व्यवहारांना अडथळे येऊ लागले. व्हिसाची ब्रिटनमध्ये दोन डेटा सेंटर, आणि दोन्ही अशी बांधलेली की एक गेलं तर दुसऱ्याने एकट्याने सगळा भार उचलावा. म्हणजे आपल्या पुस्तकात असते तशी आदर्श पॅरलल जोडणी. मग बिघडलं काय? पहिल्या सेंटरमधल्या एका स्विचचा एक भाग बंद पडला, पण पूर्ण बंद पडला नाही. अर्धवट चालू राहिला. त्यामुळे शेजारी खास त्याच्यासाठी ठेवलेला राखीव स्विच जागाच झाला नाही. बरं, दोन्ही सेंटर आपला ताळमेळ राखायला एकमेकांना सतत निरोप पाठवत असतात. आजारी सेंटर निरोपांचा मारा करत राहिलं आणि त्या ओझ्याखाली धडधाकट सेंटरही मंदावलं. आजारी सेंटरमधली यंत्रणा पूर्णपणे बाजूला काढायला संध्याकाळचे सात वाजून गेले, आणि सगळं सुरळीत व्हायला मध्यरात्र उलटून पाऊण तास. दुकानांच्या दारांवर "फक्त रोख" अशा पाट्या लागल्या. व्हिसाने नंतर ब्रिटिश संसदेच्या समितीला पत्र लिहून हिशोब दिला: त्या काळात ५ कोटी १२ लाख व्यवहार सुरू झाले, त्यांतले ५२ लाख फसले.

स्विच सरळ मेला असता तर बरं झालं असतं! पूर्ण मेलेल्या यंत्राची जागा घेणं सोपं. "मी ठीक आहे" म्हणत चुकीचं वागणारं यंत्र सगळ्यांना घेऊन बुडतं. (आमच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्येही असा एक जण आहे. नाव सांगत नाही.) आपल्याकडे १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय अडखळलं, त्याचं जाहीर झालेलं कारण याच जातीचं होतं. काही बँकांच्या यंत्रणा "त्या व्यवहाराचं काय झालं?" हा प्रश्न पुन्हा पुन्हा, जुन्या व्यवहारांसाठीसुद्धा, विचारत राहिल्या आणि त्या चौकश्यांच्या पुरात मूळ यंत्रणा गुदमरली. निकालाच्या रात्री युनिव्हर्सिटीची साइट उघडत नाही म्हणून आपण सगळे दर पाच सेकंदांनी रिफ्रेश मारतो, तसंच.

एक गोष्ट मला माहीत नव्हती, ती आमच्या एका सरांनी सांगितली. कार्डावरचे आकडे पूर्वी उठावाचे का असत? तर त्यावर कार्बनची पावती ठेवून वरून रूळ फिरवायचा, की आकडे कागदावर उमटत. वीज नको, फोन नको. ठरावीक रकमेपर्यंत दुकानदार कोणालाही न विचारता माल देई, त्यावर असेल तर फोन करून परवानगी घेई, आणि चोरीच्या कार्डांची छापील यादी काउंटरखाली ठेवलेली असे. यात फसवणूक व्हायची, थोडं नुकसान व्हायचंच. ते नुकसान धरून चाललेली ती यंत्रणा होती. पुढे प्रत्येक व्यवहार त्याच क्षणी तपासायची सोय झाली, फसवणूक कमी झाली, आणि त्या बदल्यात तार तुटली की सगळंच थांबू लागलं. आज कित्येक कार्डांवर उठावाचे आकडे राहिलेले नाहीत.

कार्डाच्या बाजूने मात्र एक मोठी गोष्ट आहे, आणि ती आमच्या चर्चेत कोणीच काढली नाही. गेल्या वर्षी गावातल्या एका पुस्तकाच्या दुकानात माझ्या खात्यातून अकराशे ऐंशी रुपये गेले, मशीनने "फेल" म्हणून कागद बाहेर टाकला, आणि दुकानदार म्हणाला, मला काही मिळालेलं नाही. महिनाअखेर होती, त्यामुळे दोन दिवस झोप नीट लागली नाही. पण चौथ्या दिवशी पैसे परत आले, मी एक अर्जही न करता. कारण रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे: दुकानातल्या मशीनवर पैसे कापले गेले आणि दुकानदाराला पावती पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत यायला हवी, त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. एटीएममधून नोटा न येता खात्यातून रक्कम गेली, तरी तोच हिशोब. म्हणजे यंत्र चुकतं, पण चुकीचा कोणीतरी वाली आहे.

आता पार्टनरचा पक्ष. त्याचं म्हणणं असं की व्हिसा दहा तास लंगडली, बँकांचे सर्व्हर रोज कुठे ना कुठे झोपतात, पण बिटकॉइन कधी बंद पडलं का? मी शोधलं. ३ जानेवारी २००९ ला सुरू झालेल्या या जाळ्यात दोन मोठे घोटाळे झालेले आहेत. १५ ऑगस्ट २०१० ला कोणीतरी असा व्यवहार बनवला की बेरीज ६४ बिटांत मावली नाही, ओव्हरफ्लो झाली, आणि तपासणीला काही खटकलं नाही. हवेतून १८,४४६ कोटी बिटकॉइन निर्माण झाले, जिथे एकूण मर्यादाच २ कोटी १० लाखांची! काही तासांत दुरुस्ती आली आणि ती साखळी रद्द ठरली. मार्च २०१३ मध्ये जुनं आणि नवं सॉफ्टवेअर एका मोठ्या ब्लॉकवरून भांडलं आणि साखळीची दोन टोकं झाली. सुमारे सहा तास "खरी कोणती?" हे ठरत नव्हतं. शेवटी मूठभर प्रोग्रामर आणि मोठे खाणवाले यांनी आपसांत बोलून ठरवलं की जुन्यावर परत जायचं. त्यानंतर तसं पुन्हा झालेलं नाही. ही कमाई लहान नाही, आणि मी ती पार्टनरला मोकळ्या मनाने देऊन टाकली. एकाही मालकाशिवाय, एकाही डेटा सेंटरवर अवलंबून न राहता हजारो यंत्रं हिशोब जुळवतात, हे इंजिनिअर म्हणून पाहिलं तर नमस्कार करण्यासारखं आहे.

पण मग मी त्याला कागद-पेन दिलं आणि म्हटलं, चल, गणित कर. बिटकॉइन भरधाव चाललं तरी सेकंदाला सातच्या आसपास व्यवहार. व्हिसाच्या त्या काळ्या दिवशी अडथळ्याचा काळ दहा तास दहा मिनिटं, म्हणजे ३६,६०० सेकंद. बिटकॉइनने त्या वेळात पूर्ण ताकदीने केले असते फार तर अडीच लाख व्यवहार. व्हिसाने आजारी असताना, निव्वळ युरोपात, चार कोटी साठ लाख पार पाडले. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "अरे, पण वरच्या थराची वेगळी जाळी आहेत ना." आहेत. पण ती चालवणारे पुन्हा कोणीतरी वेगळे, त्यांचे सर्व्हर वेगळे, म्हणजे कड्या पुन्हा सिरीजमध्ये आल्याच.

शिवाय जाळं चालू असणं आणि माझं काम होणं यातही फरक आहे. ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी येतो. डिसेंबर २०१७ मध्ये गर्दी झाली तेव्हा एका व्यवहाराची सरासरी फी ५० डॉलरच्या वर गेली होती. वडापाव बारा-पंधरा रुपयांचा आणि तो घेण्याची फी तीन हजार! जाळं त्याही दिवशी "चालू"च होतं. आणि बहुतेक लोक आपली नाणी ठेवतात एक्स्चेंजमध्ये. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली, आणि ग्राहकांना आपली नाणी काढून घेणं वर्षाहून अधिक काळ बंद राहिलं. त्या सगळ्या काळात ज्या साखळ्यांवर ती नाणी होती त्या व्यवस्थित चालत होत्या. चोराचे व्यवहारही त्यांनी व्यवस्थित नोंदवले. माझे अकराशे ऐंशी परत आणणारा नियम तिथे लावायला कोणी नाही, आणि असं कोणी नसणं हाच त्या रचनेचा हेतू आहे.

पार्टनरच्या एका मुद्द्याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. कार्डाचं जाळं बिघडतं तसं ते कोणीतरी बंदही करू शकतं. मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोघांनी रशियातलं काम थांबवलं. तिथली कार्डं देशाबाहेर निकामी झाली. देशात मात्र चालत राहिली, कारण २०१४ मध्ये काही रशियन बँकांची कार्डं एकदा अडवली गेल्यावर त्यांनी आपला स्वतःचा स्विच उभा केला होता. आपल्या रुपेकडे मी आजवर "सरकारी कार्ड" म्हणून जरा तुच्छतेनेच पाहत होतो. हे वाचल्यावर पाहायची दृष्टी बदलली.

राहिले काका आणि त्यांची पेटी. रोखीला सर्व्हर नाही, स्विच नाही, पासवर्ड नाही. २८ एप्रिल २०२५ ला भरदुपारी स्पेन आणि पोर्तुगालची वीज गेली, तेव्हा कार्डाची मशीनं थंड पडली आणि ज्याच्या खिशात नोटा त्याला पाणी-पाव मिळाला. स्वीडनसारख्या देशात लोक महिनोन्‌महिने नोट बघत नाहीत, पण तिथल्या सरकारने २०१८ मध्ये घरोघरी जी संकटकाळाची पुस्तिका पाठवली, तिच्यात लहान रकमेच्या नोटा घरात ठेवा असं लिहिलं होतं.

पण रोख अगदीच अढळ आहे असं म्हणायला मी तयार नाही, कारण नोव्हेंबर २०१६ मी गावी पाहिलेला आहे. शाळेत होतो. ८ तारखेच्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या, म्हणजे चलनातल्या रकमेच्या ८६ टक्के. आजोबांच्या बंडीच्या खिशात टोमॅटोचे पैसे होते, सगळे पाचशेत. त्यांचं खातं जिल्हा बँकेत, जसं आमच्याकडे बहुतेक शेतकऱ्यांचं असतं. आणि १४ तारखेला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायलाच मनाई झाली. मग तालुक्याच्या गावी, जिथे खातं नाही अशा बँकेच्या रांगेत, पहाटे पाचला. एटीएम होतं, पण ते बंद. कारण नव्या नोटांची मापंच वेगळी! जुनी पाचशेची नोट ७३ मिलिमीटर रुंद, नवी ६६. देशभरातल्या दोन लाखांवर एटीएमचे खण एकेक करून नव्याने जुळवावे लागले. आजोबा घरी येऊन एवढंच म्हणाले, "नोट तीच, मी तोच, दुकानदार तोच. मग मोडलं काय?" तेव्हा कोणालाच उत्तर देता आलं नाही. आज मी सांगू शकेन की नोटेलासुद्धा एक दूरचा स्विच असतो, फक्त तो क्वचित हलतो. (तेव्हापासून देशातली रोख घटली नाही. आज ती त्या वेळच्या दुपटीहून जास्त आहे. आजोबांसारखे लोक रागावले, पण नोटा सोडून गेले नाहीत.)

तर आता मेस. माझ्या मतातला मुख्य मुद्दा एवढाच होता की कार्डाचं मशीन आणि क्यूआर हे एकमेकांचे राखीव नाहीत. प्रस्तावात लिहिलंय, "एक बंद पडल्यास दुसरे उपलब्ध राहील." पण दोघांचं सिम एकाच कंपनीचं, दोघांचा चार्जर एकाच बोर्डावर, आणि मुलांची खातीही बहुतेक करून कॉलेजने उघडून दिलेल्या एकाच बँकेत. पहिल्या पावसात लाइट गेली, टॉवर गेला, की दोन्ही एकदम गप्प. याला पुस्तकात कॉमन कॉज फेल्युअर म्हणतात; दहा मार्कांना येतं. राखीव साधन वेगळ्या जातीचं असावं लागतं. वेगळ्या जातीची अशी आपल्याकडे पत्र्याची पेटी आहे.

आणि एक वहीसुद्धा आहे. काकांची उधारीची वही. १९७० मध्ये आयर्लंडमधल्या बँका संपामुळे मे ते नोव्हेंबर, साडेसहा महिने बंद होत्या, आणि तरी देश चालला. लोक एकमेकांना चेक लिहून देत राहिले, जे वटवायला बँकच नव्हती. चेक कोणाचा घ्यायचा हे पब आणि दुकानांचे मालक ठरवत, कारण कोणाची किती ऐपत ते त्यांना ठाऊक असे. काकांनाही ठाऊक असतं. फर्स्ट इयरच्या एका मुलाचा मोबाइल एसटी स्टँडवर चोरीला गेला, सिम परत मिळेपर्यंत आठवडा गेला. त्या आठवड्यात त्याच्याकडे कार्डही नव्हतं, कारण ते मोबाइलच्याच कव्हरमध्ये! तो जेवला तो वहीवर. नव्या पद्धतीत त्याचं काय करायचं, या प्रश्नाला प्रस्तावात ओळ नाही. शनिवार-रविवारी गावाहून भेटायला येणाऱ्या आई-बाबांनी गेस्ट कूपन कशाने घ्यायचं, यालाही नाही. भांडी घासणाऱ्या मावशींना पगार रोख मिळतो आणि त्यांचा चहा याच खिडकीवर असतो, हे तर बहुधा कोणाला सुचलंच नसावं.

ऑफिसच्या बाजूचं म्हणणंही खोटं नाही, ते मी काकांनाही सांगितलं. रोज रात्री हिशोबाचा मेळ घालायला त्यांचा पाऊण तास जातो, बँकेत भरणा करायला शिपाई पाठवावा लागतो, आणि सुट्ट्यांवरून दिवसातून चार भांडणं होतात. मागच्या दिवाळीत पेटीतून सातशे रुपये कमी भरले, त्यावरून किती बोलणी झाली ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून महिन्याचं मेस बिल रोखीत घेऊ नये, हे मला पटतं. दोन-अडीच हजारांची रक्कम, तिची पावती हवी, चुकली तर परत मिळायला हवी. तिथे कार्डच बरं. पण नाश्ता, चहा, गेस्ट कूपन यांसाठी खिडकी उघडी राहावी, आणि मशीन गप्प झालं की सगळ्यांसाठी.

बैठक पुढच्या मंगळवारी आहे. खिडकी राहिली तर रोज सकाळी पेटीत किती सुट्टे असावेत, याची यादी काकांना विचारून मी मतासोबत जोडली आहे: दहाच्या पन्नास नोटा, वीसच्या पंचवीस, पाचची नाणी शंभर. दीड हजारात सगळं बसतं. मी विचारलं, "काका, आणि नवी वही मागू का?" ते म्हणाले, "नको रे. जुनी अजून निम्मी कोरी आहे."